वीराचे डोळे

माझ्या बापाने मला काहीही शिकवलं नाही. हे आधीच लिहून टाकते, कारण गेल्या हिवाळ्यात माझ्या प्रदर्शनासाठी जे गुळगुळीत पुस्तक छापलं गेलं त्यात पहिल्याच पानावर ‘वडिलांकडून लाभलेला वारसा’ असं ठोकून दिलंय, आणि खाली आगर गावच्या वीराचा फोटो घालून तो दगड सरळ माझ्या बापाच्या नावावर लावलाय. लिहिणारी बाई मोठी गोड होती. चिखल्याच्या माझ्या शेडमध्ये बसून तिने माझा चहा प्यायला, ग्राइंडर सुरू झाला की कानांवर हात ठेवले, मी बोलले ते सगळं मोबाइलमध्ये भरून घेतलं आणि शेवटी तिला जे लिहायचं होतं तेच लिहिलं. बापाचं बोट धरून डोंगरात दगड शोधत फिरणारी मुलगी तिला हवी होती. तशी मुलगी आमच्या घरात कधी नव्हती. मी आता साठी ओलांडलीय, गुडघे गेलेत, राग मात्र शाबूत आहे. तो आहे तोवर हे कागदावर उतरलेलं बरं.

वेवजीला आमचं घर गावाच्या कडेला, टेकडीच्या पायथ्याशी होतं. कुडाच्या भिंती, वर कौलं, पुढे शेणाने सारवलेलं अंगण आणि मागे दगडांचा ढीग. खाली पाण्याजवळ भात, वर उतारावर नागली. भात झोडून झालं की बा शेताकडे पाठ फिरवायचा आणि मागच्या ढिगाशी बसायचा. पाटे, वरवंटे, जाती हे आमचं रोजचं काम. तलासरीच्या बाजारात ते खपायचे, आणि घरोघरच्या झिजून गुळगुळीत झालेल्या पाट्यांना पुन्हा टाकी मारून द्यायलाही लोक बोलवायचे. सकाळी जाग यायची ती या टाकीच्या आवाजाने. चांगला दगड टाकीखाली घंटेसारखा वाजतो, आत कुठे शीर फुटलेली असली की मडक्यासारखा भद वाजतो. हे मला कोणी सांगितलेलं नाही, अंथरुणात पडल्यापडल्या ऐकून कळलं. आईच्या चुलीवर तेव्हा नागलीची भाकर फुगत असायची. भाकरीबरोबर खुरासणीची चटणी, सुकी मासळी विकणारी दुर्गी येऊन गेलेली असली तर निखाऱ्यावर भाजलेला बोंबील, आणि दुपारी आंबील. जेवणात नेहमीच बारीक वाळू लागायची, दगडाची. आमच्या घरात कोणी त्याबद्दल बोलत नसे. आजही मऊसूत भात खाताना मला काहीतरी चुकल्यासारखं वाटतं.

पाट्या-वरवंट्यांनी पोट भरत होतं, पण बाचं नाव होतं ते वीरांमुळे. आमच्या बाजूला घरातलं कोणी गेलं की पुढच्या सुगीनंतर त्याचा वीर बसवायचा. हातभर उंचीचा दगड, त्यावर घोड्यावरचा माणूस, वर एका बाजूला सूर्य आणि दुसऱ्या बाजूला चंद्र. आयुष्यात गाढवावरही न बसलेला माणूस मेल्यावर घोड्यावर बसतो, अशी आमची रीत. घोडा, माणूस, लगाम सगळं घरी कोरून न्यायचं, फक्त डोळे कोरायचे नाहीत. ते मागाहून, जागेवर, सगळ्या भाऊबंदांसमोर कोरायचे. डोळे नसलेला दगड हा दगडच, त्यावर कोंबडी बसली तरी कोणी हाकलत नसे. डोळे कोरले की तो माणूस झाला. मग त्याच दिवशी त्याला कोंबडं आणि ताडी द्यायची आणि घरच्यांनी त्याच्यासाठी रडून घ्यायचं, शेवटचं. आणि डोळे कोरायचे ते ज्याने घोडा कोरला त्यानेच, दुसऱ्याचा हात चालत नाही.

इथेच आमच्या घरातली लबाडी सुरू होत होती. बाचा हात थरथरायला लागला होता. दारूने म्हणा, वयाने म्हणा, मला त्याचं कारण शोधण्यात रस नाही. जाड काम तो रेटून न्यायचा, पण घोड्याचं तोंड, कान, माणसाची बोटं ही कामं त्याला जमेनात. माझ्या भावाला, बाळूला, त्याने आपल्याजवळ बसवून शिकवायला घेतलं. बाळू स्वभावाने बरा होता, पण त्याच्या हाताला काही म्हणता काही नव्हतं. तो एका हंगामात इतके घोडे लंगडे करून बसला की मागचा ढीग बघून मला हसू यायचं. मी पाणी आणायची, टाक्या लोहाराकडे पोचवायची, कपच्या गोळा करायची. एका दुपारी दोघं भाताच्या पेंढ्यावर घोरत असताना मी एका लंगड्या घोड्याचा उरलेला दगड तासून त्यातूनच लहान घोडा काढला. बाने उठल्यावर तो पाहिला. मला वाटलं, मारतो. त्याने तो घोडा उचलून उजेडात फिरवला, खाली ठेवला आणि म्हणाला, “उद्यापासून कुंपणाच्या आत बस. बाहेर दिसशील तर तंगडी मोडीन.”

झाली माझी शाळा. त्यानंतर आमच्या पंचक्रोशीत जे वीर बसले ते माझे. सूर्य माझा, चंद्र माझा, घोडा माझा, आणि जागेवर जाऊन दोन डोळे कोरून पाटावर बसून कोंबडं खाणारा माझा बाप. डोळे म्हणजे काय, तर टोकदार टाकीचे चार-चार हलके घाव. त्या आधी तो भांडंभर ताडी घ्यायचा. ताडी पोटात गेली की त्याचा हात थोडा वेळ अगदी स्थिर व्हायचा, भाकरी खाऊन होईस्तोवर पुन्हा थरथर सुरू. तेवढ्या वेळात तो आपलं काम उरकायचा आणि लोक म्हणायचे, वा, काय हात आहे. मी बायकांच्या घोळक्यात मागे उभी असायची. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. एकदा मी घरी त्याला विचारलंच की, रीत म्हणते घोडा कोरणाऱ्याने डोळे कोरायचे, मग मी का नाही?

“बाईच्या हाताचा वीर उठत नाय.”

“मग घोडा कसा उठतो?”

त्याने हातातला वरवंटा माझ्या पायाशी टाकला. पायावर नाही, पायाशी. आई चुलीकडूनच म्हणाली, “गप बस गं, खा तुझी भाकर.” आई आयुष्यभर हेच एक वाक्य बोलली. तिच्याबद्दल लोक फार हळवं होऊन विचारतात. मला तिच्याबद्दलही फारसं हळवं होता येत नाही.

दुर्गी किनाऱ्यावरच्या आगरची. आठवड्याला एकदा एसटीने वर यायची, डोक्यावर सुक्या मासळीची पाटी, कमरेला पदर खोचलेला आणि तोंडात शिव्या. बोंबील द्यायची, नागली-तांदूळ न्यायची. मापात कोणी हात आखडला की तिच्या मराठीत मधूनच गुजराती मिसळायची, आणि ती मिसळली की समोरच्याने हात जोडून माप भरायचं. तिचा नवरा गुजरातेतल्या एका शेठच्या बोटीवर खलाशी होता. बोट वादळात बुडाली. वाचलेल्या दोघा खलाशांनी आगरला येऊन सांगितलं, आमच्या डोळ्यांदेखत तो खाली गेला, वर आला नाही. पण मढं काही मिळालं नाही. सासू म्हणाली, माझा मुलगा पोहत दुसऱ्या बोटीला लागला असणार, ती बोट पाकिस्तानने धरली असणार, तो कराचीच्या जेलात आहे. आमच्या किनाऱ्यावरची माणसं खरंच तशी धरली जातात आणि वर्षांनी परतही येतात, त्यामुळे म्हातारीला कोणी खोटं पाडू शकत नव्हतं. दीर नारायण आईच्या सुरात सूर मिसळायचा, पण त्याचं कारण वेगळं होतं. दुर्गीच्या पाटीवर ते घर चालत होतं. नवरा जिवंत आहे तोवर ती त्या घरची सून, कमावून आणणार आणि चुलीपाशी निजणार. चिखल्याला आईकडे जाते म्हटलं की नारायण म्हणायचा, भाऊ सुटून आला तर त्याला काय तोंड दाखवशील?

तर ही दुर्गी एका सकाळी आमच्या अंगणात पाटी उतरवून बाच्या समोर फतकल मारून बसली. मी कुंपणाआड होते, सगळं ऐकू येत होतं.

“मना वीर पायजे,” ती म्हणाली. “माझ्या घोवाचा.”

“तुमच्यात कुठं वीर बसवतात?” बा म्हणाला.

“नाय बसवत. पण सासू वरच्या भगताला मानते. त्याच्याकडं नेली तिला. तो म्हणाला, वीर कोर. दगडानं डोळे घेतले तर पोरगा गेला. टाकी सरकली तर जिता हाय. म्हातारी कबूल झाली, दीर कबूल झाला, चार माणसांसमोर.”

“आणि दगडानं डोळे घेतले तर?”

“तर मी रांड. मग मना कोणी धरून ठेवत नाय.” ती हे असं बोलली की जणू नोकरी लागायची होती. “वर्षभराचे बोंबील तुझे.”

मी आडून तिच्याकडे बघत राहिले. इतक्या बायका वीरासाठी आमच्या अंगणात येऊन रडून गेल्या होत्या. ही पहिलीच, जिला नवऱ्याला मारायला दगड हवा होता, आणि तिने तसं सांगायला लाजही धरली नव्हती. मला ती बाई तिथल्या तिथे आवडली. जाताना ती कुंपणापाशी आली, माझ्या हातावरची पांढरी भुकटी पाहिली, मांडीवरचा अर्धा घोडा पाहिला. “असं हाय होय,” एवढंच म्हणाली आणि पाटी उचलून चालू पडली.

तो दगड मी मन लावून केला. त्याआधीचे वीर मी रागाने केले होते, हा हट्टाने. काळा दगड, एकसंध, वाजवला की लांबवर आवाज जाणारा. मी समुद्र नीट पाहिलेला नव्हता, पण दुर्गीला विचारून विचारून घोड्याच्या पायाखाली लाटा काढल्या. बा म्हणाला, लाटा कशाला, आपल्यात नसतात. मी ऐकलं नाही. घोड्याची मान मी वळवली, किनाऱ्याकडे पाठ करून आत समुद्राकडे बघणारी. आज माझे दगड क्रेनने उचलावे लागतात, मुंबईच्या हॉटेलांच्या दारात उभे आहेत, त्यांच्याभोवती फिरून लोक हळू आवाजात बोलतात. त्यातला एकही मला त्या हातभर दगडाइतका आवडत नाही.

दगड आगरला न्यायच्या दोन दिवस आधी नारायण आमच्याकडे आला. हिंदी, गुजराती, मराठी एकत्र कालवून बोलणारा, शर्टाच्या बाह्या दुमडलेला, गोड हसणारा माणूस. त्याने ताडीचा कॅन आणला होता. दोघं नदीच्या बाजूला जाऊन बसले. परत आल्यावर बा माझ्याशी बरा वागला. जेवताना त्याने स्वतःच्या ताटातला बोंबील माझ्या ताटात टाकला. मला तेव्हाच कळायला हवं होतं, पण कळलं नाही, मी तो बोंबील खाल्ला.

आगरला आम्ही टेम्पोतून गेलो. बा पुढे ड्रायव्हरजवळ, मी आणि बाळू मागे दगडाशेजारी. मला न्यायचं त्याच्या मनात नव्हतं, पण गचके खाणाऱ्या टेम्पोत दगडाचे कान सांभाळायला कोणीतरी हवंच होतं. दुर्गीच्या सासरचं अंगण वाळूचं होतं. चहूबाजूंनी दोऱ्यांवर बोंबील टांगलेले, आणि वास असा की नाकाला पदर लावावा. जमलेली माणसं जाळ्यांवर, उपड्या होडीवर, ओट्यावर बसली होती. आम्हा डोंगरवाल्यांकडे ती ज्या नजरेने बघत होती ती मी विसरले नाही. एक बाई मला ऐकू जाईल अशा बेताने शेजारणीला म्हणाली, “ही दगडवाल्याची काय, अंघोळ करतात का यांच्यात?” म्हातारी दारात बसली होती, कपाळ दोन्ही हातांनी धरून. दुर्गी खांबाला टेकून उभी. तिने नवी साडी नेसली होती, हिरवी, हात काचेच्या बांगड्यांनी भरलेले, आणि चेहरा असा की कोणी जवळ जायला नको.

दगड वाळूत उभा केला. नारळ फोडला. नारायणने स्वतः भांडंभर ताडी आणून बापुढे धरली. आणि बाने भांडं बाजूला सारलं. “पूजेआधी नको,” तो म्हणाला.

माझ्या बापाने पूजेआधी, पूजेनंतर, आणि पूजेचा काही संबंध नसताना, कधीच ताडीला नाही म्हटलं नव्हतं. ताडीशिवाय त्याचा हात थरथरणार हे तिथे मला आणि बाळूला सोडून कोणाला ठाऊक नव्हतं. पण नारायणला ठाऊक होतं, आणि त्याने भांडं पुढे केलं ते नुसतं लोकांना दाखवायला. त्याला ते नदीकाठी बसून सांगितलेलं होतं. मी बाळूकडे पाहिलं, तो आपल्या पायांकडे बघत होता.

बाने टोकदार टाकी दगडाला लावली. पहिला घाव मारला आणि टाकी सरकून दगडाच्या गालावर पांढरा ओरखडा उमटला. लोक कुजबुजले. त्याने पुन्हा लावली. हात असा थरथरत होता की टाकी दगडावर कडकड वाजत होती, आणि तो ते लपवत नव्हता, उलट हात वर उचलून सगळ्यांना दाखवत होता. दुसऱ्यांदा टाकी सरकली. बा मागे झाला, डोळे मिटले आणि मोठ्या गंभीर आवाजात म्हणाला, “दगड डोळे घेत नाय. माणूस जिता हाय.”

म्हातारी उठली. “मी सांगत होते,” ती म्हणाली, “मी सांगत होते ना रं नारायणा.” ती रडत होती आणि हसत होती, बायका तिला धरत होत्या. नारायणने दुर्गीकडे पाहिलं आणि खालच्या आवाजात, जणू काही झालंच नाही अशा सुरात, म्हणाला, “वैनी, पाटी भर, डहाणूची गाडी येईल.” दुर्गी खांब सोडून खाली बसली. तोंडात कायम शिव्या असलेली ती बाई तोंड उघडून नुसती बसली होती, आवाज येत नव्हता.

मी विचार केला असं नाही. मी दयेनेही उठले नाही, हे त्या पुस्तकातल्या बाईला मी परत परत सांगितलं. मला राग आला होता. माझ्या चांगल्या दगडाच्या गालावर त्याने मुद्दाम ओरखडे काढले होते. मी पुढे गेले, बाच्या हातातली टाकी ओढून घेतली, वाळूत गुडघे टेकले आणि डोळे कोरले. चार घाव डावीकडे, चार घाव उजवीकडे. पहिल्या घावाला सगळे बोलत होते, शेवटच्याला समुद्र ऐकू येत होता. दगड टाकीखाली छान वाजला. मी कपची फुंकून उडवली आणि मागे सरले. दगड माझ्याकडे बघत होता. इतके वीर केले, पण त्यातल्या एकानेही तोवर माझ्याकडे पाहिलं नव्हतं.

नारायण पहिला सावरला. “हे चालत नाय,” तो म्हणाला. “पोरीनं कोरले. घोडा ज्यानं कोरला त्यानंच डोळे कोरायचे. भगतानं सांगितलंय. ओ दगडवाले, सांगा ना.”

मी तोंड उघडलं. घोडा कोणी कोरला ते विचारा, असं मी म्हणणार होते. वेवजीपासून तलासरीपर्यंत कोणाकोणाच्या आज्याचा घोडा कोणी कोरलाय तेही सगळं तिथे वाळूत ओतणार होते. बाने माझ्या तोंडाकडे पाहिलं. माणूस लबाड होता, मूर्ख नव्हता. त्याने एका क्षणात हिशेब केला की नारायणची दोस्ती गेली तरी चालेल, नाव जाऊन चालणार नाही. वाळूत ठेवलेलं ताडीचं भांडं त्याने उचललं, अर्धं स्वतः प्यायला, उरलेलं दगडाच्या डोक्यावर ओतलं.

“हात माझाच,” तो म्हणाला. “पोरगी माझी. माझा हात थरथरला म्हणून मी तिच्या हातानं कोरतो. मीच खुणावलं तिला. पोरगी म्हणजे माझी टाकी.” मग माझ्याकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल असं, “काय गं? खरं ना?”

हो म्हटलं तर दगड खरा, दुर्गी मोकळी, आणि मी त्याची टाकी. नाही म्हटलं, घोडा माझा म्हटलं, तर नारायण म्हणणार की मग अख्खा वीरच बाईच्या हातचा, उचला आणि फेका समुद्रात. बाला हे पक्कं ठाऊक होतं. मी दुर्गीकडे पाहिलं. ती मान वर करून माझ्याकडे बघत होती. त्या नजरेत विनवणी असती तर कदाचित मी नाही म्हटलं असतं, मला विनवणीची चीड आहे. ती नजर मालाचं माप बघतात तशी होती, पुरतंय की नाही एवढंच बघणारी.

“हो,” मी म्हणाले.

त्या एका शब्दाची चव मला अजून तोंडात येते. लोकांनी माना डोलावल्या. बोट चालवणारा एक म्हातारा तांडेल बाला म्हणाला, काय तुमचा हात! म्हातारीने एकदा दगडाकडे पाहिलं, त्याच्या डोळ्यांकडे, आणि तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी दुसऱ्या कोणत्याही माणसाच्या तोंडून ऐकलेला नाही. ती दगडाला मिठी मारून बसली. तिचा मुलगा मी मारला असं तिला वाटलं असणार. वाटू दे. तो कधीच मेला होता. पण तो आवाज मला आवडला नाही आणि त्याबद्दल मी कोणावर रागवावं हे मला आजवर ठरवता आलेलं नाही.

दुर्गी उठली. म्हातारीच्या खांद्यावरून वाकून तिने दोन्ही मनगटं दगडाच्या कडेवर आपटली. बांगड्या फुटून वाळूत पडल्या, एका हातातून रक्त आलं, ते तिने हिरव्या पदराला पुसलं. मग आत जाऊन आधीच बांधून ठेवलेलं गाठोडं घेऊन ती बाहेर आली. नारायण दारात आडवा उभा राहिला. “भाऊ गेला तुझा,” ती त्याला म्हणाली. “आता बाजूला हो, नायतर मी इथंच बोलायला लागते.” तिच्या बोलण्याला आगरमध्येही लोक घाबरत असावेत, कारण तो बाजूला झाला.

टेम्पो सुरू झाला होता. बा पुढे बसून हाका मारत होता, बाळू मागे चढला होता. मी चढले नाही.

“चल गं,” बा म्हणाला.

“नाय येत.”

“काय खाशील?”

त्याने थोडा वेळ वाट पाहिली, फार नाही. ड्रायव्हरच्या पाठीवर थाप मारली आणि टेम्पो गेला. मी दुर्गीच्या मागोमाग चालायला लागले. किनाऱ्याने चिखल्याची वाट धरल्यावर बऱ्याच अंतरावर तिने मागे वळून पाहिलं.

“माझ्या मागं कशाला येते? मी काय तुना पोसणार हाय?”

“दगड येतो मला. होड्यांना नांगराचे दगड लागतात.”

“ते लागतात,” ती म्हणाली. गाठोडं तिने माझ्या डोक्यावर ठेवलं आणि पुढे निघाली. आभार वगैरे तिने त्या दिवशी मानले नाहीत, नंतरही नाहीत. आम्ही पुढे अनेक वर्षं एका छपराखाली राहिलो आणि रोज भांडलो.

चिखल्याला तिच्या आईच्या मागच्या अंगणात मी नांगराच्या दगडांना भोकं पाडायला लागले. नुसती भोकं. घोडा नाही, चंद्र नाही, सरळ आरपार भोक, दोरी झिजणार नाही इतकं गुळगुळीत. लोक माझ्याकडे यायचे, माझ्या हातचा दगड न्यायचे आणि दुसऱ्याला सांगताना माझं नाव सांगायचे. याच अंगणात पुढे मी पहिली आकृती उभी केली, पण ते वेगळं. त्या दिवसांत मला एवढंच पुरत होतं की दगडावर कोणी वरून ताडी ओतायला येत नव्हतं.

भातकापणी झाल्यावर एका सकाळी बाळू आला. त्याने सायकल कुंपणाला टेकवली. मी दगड मांडीत धरून भोक पाडत होते. दुर्गीची आई बोंबील उलटवत होती, तिने त्याला बस म्हटलं, तो बसला नाही. पलीकडच्या गावच्या पाटलांची आई गेली होती, मोठं घर, वीर बसवायचा होता. बाने शब्द दिला होता.

“बानं बोलावलंय,” बाळू म्हणाला. “घोडा करून दे म्हणतो. हवं तर इथंच कर, मी टेम्पोनं नेईन. कोणाला कळणार नाय. डोळे तेवढे तो कोरेल.”

“त्याला सांग, डोळे त्यानं कोरायचे तर घोडाही त्यानंच कोरायचा.”

“अगं, पण त्याचा हात थरथरतो. जमलेल्या लोकांपुढं काय करेल तो?”

“ठाऊक आहे मला,” मी म्हणाले, आणि टाकी पुन्हा भोकात लावली.